आल्प्समध्ये गाईडबरोबर स्नोशू हाईक: चढाची चिंता सोडा, उतरायला शिका

‘चालता येतं ना? मग स्नोशूही येतात.’ स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. आल्प्समधल्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या शब्दांत छापलेलं असतं. सपाटीवर आणि चढावर ते खरं आहे. उतारावर ते साफ खोटं आहे. माणसं धडपडतात, गुडघे दुखावून घेतात, रडकुंडीला येतात ती बहुतेक उतरतानाच. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा उताराला दिली आहे, बाकीचं पटापट उरकतो.

टूर निवडताना

स्विस आल्पाइन क्लबने स्नोशूच्या वाटांची डब्ल्यूटी १ ते डब्ल्यूटी ६ अशी प्रतवारी केली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने १ किंवा फार तर २ घ्यावी. या वाटांवर उतार २५ अंशांच्या आत राहतो. सह्याद्रीत नेमाने भटकणारी मंडळी ‘आम्हाला ३ चालेल’ म्हणून सांगून टाकतात. दम पुरतो हो, प्रश्न पायांचा असतो. ३०० ते ४०० मीटर चढाई आणि तीन-चार तास पहिल्या दिवसाला भरपूर झाले.

जागा कुठली? मला विचाराल तर स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गच्या वरचं ट्र्युबझे. टिटलिसची सहल केलेल्यांनी हे गोठलेलं तळं गोंडोलातून (केबलला लटकणाऱ्या छोट्या डब्यातून) पाहिलेलं असतं, पण त्यांना वरच्या फिरत्या केबल कारची घाई असते. ट्र्युबझे सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दीडशे मीटर उंच, आणि तिथे थेट गोंडोलाने पोचता येतं. इटलीच्या बाजूला जाणार असाल तर डोलोमाइट्समधलं झायझर आल्म घ्या. सुमारे ५६ चौरस किलोमीटरचं मोकळं कुरण, नवख्यांसाठी याहून सुरक्षित शाळा नाही. फ्रान्समधल्या शामोनीला गाईडांची संस्था १८२१ पासून आहे, तिथे टूर मिळायला अडचण नाही, पण डोंगर अंगावर येणारे आहेत.

गाईड प्रमाणपत्रधारक आहे ना, हे विचारायला लाजू नका. पूर्ण पर्वत-गाईड असेल तर उत्तमच, पण सोप्या स्नोशू टूरला ‘इंटरनॅशनल माउंटन लीडर’ पुरेसा आहे. ‘माझा एक मित्र आहे तिकडे, तो नेईल’ हा गाईड नव्हे.

विम्याचं एक वाक्य वाचाच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढलेला असतो, पण त्यात हिवाळी खेळ आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरली आहे का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावाचा क्रमांक १४१४, युरोपभर ११२.

कपडे आणि सामान

सुती काही नको, मोजेही नकोत. घोट्याच्या वर जाणारे जलरोधक बूट, त्यावर गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची आवरणं. काठ्यांच्या टोकाला मोठ्या चकत्या आहेत का बघा, उन्हाळी बारीक चकत्यांची काठी बर्फात मुठीपर्यंत जाते. स्नोशू आणि काठ्या बहुतेक टूरमध्ये मिळतात, आधी विचारून ठेवा. स्नोशूचं माप तुमच्या बुटावर नाही, तर सॅकसकट तुमच्या वजनावर ठरतं, तेव्हा वजन विचारलं की खरं सांगा.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आपल्याकडचे लोक हॉटेलातूनच चार थर चढवून येतात आणि पंधराव्या मिनिटाला आतून भिजतात. मग गाईड कुठे वाऱ्यावर थांबला की तोच घाम हाडं गोठवतो. जाड जॅकेट सॅकमध्ये, अंगात नाही.

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज इथे सोडून द्या. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली लावा, गडद गॉगल विसरू नका.

पाणी थर्मासमध्येच न्या, नळीच्या पिशवीची नळी गोठते. चिक्की, डिंकाचे लाडू जरूर घ्या, पण आतल्या खिशात ठेवा. थंडीने लाडवाचा दगड झाला की दात पणाला लागतो.

निघण्याआधी

हिमस्खलनाचा अंदाज गाईड बघतोच, पण तुम्हीही बघा. स्वित्झर्लंडचा अंदाज दावोसची एसएलएफ ही संस्था काढते, हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला. धोक्याच्या पातळ्या १ ते ५. ‘पाचपैकी तीन म्हणजे मध्यम’ असं कुणी म्हणालं तर त्याच्या मागे जाऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पातळी ३ असतानाच होतात. त्या दिवशी गाईडने ठरलेला माथा सोडून तुम्हाला जंगलातल्या सपाट वाटेने फिरवलं, तर पैसे फुकट गेले म्हणून कुरकुर करू नका. पैसे त्या निर्णयाचेच दिले आहेत.

अवघड वाटेवर तुम्हाला ट्रान्सीव्हर देतील, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायला लागणारं संदेश-यंत्र. तो जॅकेटच्या आत छातीशी बांधायचा आणि फोन त्याच्यापासून लांब, पँटच्या खिशात. फोनमुळे त्याच्या संदेशात अडथळा येतो. गाईड तपासणी करतो तेव्हा फोटो काढत बसू नका.

बांधणं आणि चढणं

पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला येतील असे स्नोशू घाला. दोन्ही टोकं आत आली की एकमेकांत अडकतात. पाय नेहमीपेक्षा चार बोटं फाकवून चाला. चढ तीव्र झाला की टाचेखालची तार उभी करा, पोटऱ्या वाचतात. गाईडच्या पावलांत पाऊल टाका. चढाचं एवढंच.

जंगलातून जाताना दोर लावलेला किंवा फलक लावलेला भाग ओलांडू नका. काळा कुक्कुट (ब्लॅक ग्राउज) हा रानपक्षी हिवाळ्यात बर्फात बीळ करून बसतो. त्याला एकदा उडवला की जपून ठेवलेली शक्ती खर्च होते, आणि त्या मोसमात ती परत मिळवायला खायला फारसं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये अशा क्षेत्रांत शिरल्यास दंडही होतो. स्नोशूच्या अधिकृत वाटांचे फलक गुलाबी असतात, ते शोधत चाला.

उतार

इथे थांबा आणि नीट वाचा.

हे जमायला मला फार वेळ लागला, आणि कारण सह्याद्री. घसाऱ्यावरून उतरताना आपण काय करतो? अंग मागे टाकतो, पाय आडवे करतो, एक हात मागे जमिनीकडे, आणि फारच झालं तर सरळ बसून सरकतो. कोरड्या मुरमावर हे चालतं. स्नोशूवर यातली प्रत्येक गोष्ट उलटी पडते. डोंगराचा अनुभव जितका जास्त, तितकी ही सवय मोडायला त्रास. ज्यांनी आयुष्यात एकही ट्रेक केलेला नाही अशी माणसं माझ्या पुढे आरामात उतरताना मी पाहिली आहेत.

कारण अगदी साधं आहे. स्नोशूचे बर्फाला धरणारे मुख्य दात चवड्याखाली असतात. तुम्ही मागे झुकलात की वजन टाचेवर जातं, चवडा हलका होतो, दात बर्फातून सुटतात आणि मागची लांब शेपटी घसरगुंडी होते. मग तुम्ही पाठीवर. ‘उतारावर मागे झुका’ हा सल्ला बरोबर चालणारे हौशी लोक मोठ्या आत्मविश्वासाने देतात. ऐकू नका.

गाईड ‘आता उतरायचं’ म्हणाला की आधी चार कामं करा. टाचेखालची तार खाली पाडा, ती उभी राहिली तर तुम्ही उंच टाचांच्या चपलेवर डोंगर उतरता आहात. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतील. स्नोशूचे पट्टे पुन्हा ओढा, चढताना ते हमखास सैल झालेले असतात. काठ्या पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. या कामांना दोन मिनिटं लागतात आणि गट पुढे जाईल म्हणून लोक ती टाळतात. गट थांबवा. ‘एक मिनिट’ म्हणायला इंग्रजीही लागत नाही, हात वर केला तरी पुरतं.

आता अंग. गुडघे वाकलेले, कंबर पावलांच्या बरोबर वर, छाती किंचित पुढे, दोन्ही काठ्या तुमच्या पुढे खालच्या बाजूला. पावलं छोटी. पाय समोर, उताराच्या दिशेने. नजर बुटांवर नाही, चार पावलं पुढे. पहिल्या पाच पावलांना वाटेल की आपण तोंडावर पडणार. पडत नाही. दात धरतात, त्यांना धरू द्या.

पुढची गोष्ट बर्फाची, आणि इथे सरसकट सल्ला देणारे सगळे चुकतात. ‘टाचा रोवा’ हे मऊ, खोल बर्फात बरोबर आहे. तिथे टाच आधी टाकायची, पाय रुतू द्यायचा, थांबला की त्यावर वजन द्यायचं. हा भाग मजेचा असतो, पाऊल टाकलं की आपोआप अर्धा हात पुढे जातं. पण बर्फ कडक असेल, रात्रीच्या गारठ्याने वर कवच आलेलं असेल, तर टाच रोवणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. तिथे अख्खा पाय सपाट टाका म्हणजे खालचे सगळे दात एकदम लागतील. बर्फ कुठला ते ओळखायला काठी टोचून बघा. आवाज ‘टक’ आला तर सपाट पाऊल. एकाच उतारावर सावलीतला टप्पा कडक आणि उन्हातला मऊ असू शकतो, तेव्हा दर वळणाला पुन्हा टोचा.

सगळ्यात वाईट म्हणजे आडवी मारायची वेळ. डोंगराच्या अंगाला समांतर चालताना वरच्या बाजूची कड बर्फात लाथ मारून घुसवायची आणि पायापुरती पायरी करायची. खालच्या पायावर भरवसा ठेवा, वरच्या बाजूला अंग टाकू नका. वरच्या हातातली काठी मुठीच्या खाली धरा, आखूड होते. आणि स्नोशू कुठले मिळाले यावरही बरंच अवलंबून आहे. गोल नळीच्या चौकटीचे स्नोशू आडव्या चालीत सरकतात, कडेला दातेरी पट्टी असलेले धरून ठेवतात. दुकानात निवडायला मिळालं तर कडेवरून बोट फिरवून बघा. बोटाला काही टोचलं नाही तर दुसरी जोडी मागा.

मागे पाऊल टाकायचं नाही. कधीच नाही. शेपटी बर्फात रुतते आणि तुम्ही बसता. फोटोसाठी ‘जरा मागे सर’ म्हणणाऱ्या मित्राकडे दुर्लक्ष करा. उलटं वळायचं असेल तर छोट्या पावलांनी गोल फिरून या.

बसून घसरायचंही नाही, निदान स्नोशू पायात असताना तरी. लहान मुलं घसरताना दिसतात, मोह होतो. पण एक दात कुठे अडकला की पाय तिथे राहतो आणि अंग पुढे जातं. गुडघा त्यात पिरगळतो. घसरायचंच असेल तर गाईडला विचारा, खाली काय आहे ते त्याला माहीत असतं. तो हो म्हणाला तर स्नोशू काढून सॅकला बांधा आणि मग खुशाल घसरा.

एवढं करूनही पडाल. पडल्यावर हात टेकून उठायला गेलात तर हात खांद्यापर्यंत आत जातो. आधी पाय डोंगराच्या खालच्या बाजूला आणा. दोन्ही काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या ठेवा, त्या फुलीवर तळवा दाबा, गुडघ्यावर या, मग एक पाय पुढे. सकाळी सपाटीवर एकदा मुद्दाम पडून हे करून बघा. लोक हसतील, हसू द्या.

उतरताना गाईडच्या पुढे जायचं नाही. तो ‘एकेक जण’ म्हणाला की पुढचा पूर्ण पलीकडे पोचेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. गप्पांसाठी जोडीजोडीने उतरण्याची ती जागा नव्हे, त्या उतारावर सगळ्यांचं वजन एकदम पडू नये म्हणून तो सांगत असतो.

खाली आल्यावर

झोपडीवजा उपाहारगृहात सूप मागवताना शाकाहारी मंडळींनी जपून राहा. जवाच्या सूपमध्ये बहुधा मांसाचे तुकडे असतात, आणि ते दिसण्याआधी वास छान येतो. चीज घातलेलं र्‍योश्टी, म्हणजे परतलेल्या किसलेल्या बटाट्याची जाड पोळी, हा सोयीचा मार्ग. त्यातही बेकन घालतात का, ते आधी विचारा. रोख पैसे जवळ असू द्या.

स्नोशू परत देण्यापूर्वी दातांत अडकलेला बर्फ काठीने ठोकून काढा. बूट रात्री हीटरवर ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.