या चुका टाळा : नोनोग्राम अंदाज न करता सोडवताना

जपानमध्ये १९८७च्या सुमारास नोन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या आणि पुढे इशिदा यांच्या नावावरून ‘नोनोग्राम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकोड्यात, कडेचे आकडे त्या ओळीतील सलग भरलेल्या घरांचे गट क्रमाने सांगतात आणि दोन गटांमध्ये किमान एक घर रिकामे असते. ‘इथे अंदाजच करावा लागला’ अशी तक्रार अनेकजण करतात. परंतु बहुतेक वेळा त्याआधीच एखाद्या ओळीतले सिद्ध होणारे घर नजरेतून सुटलेले असते, किंवा सिद्ध न झालेले घर भरले गेलेले असते.

या दुसऱ्या प्रकारातली सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी समजून घ्यायला हवी. १० घरांच्या ओळीत ४ आणि ३ हे गट असतील, तर मधल्या रिकाम्या घरासह त्यांना किमान ८ घरे लागतात, म्हणजे २ घरे शिल्लक उरतात. दोन्ही गट आधी पूर्ण डावीकडे सरकवले, तर ते १ ते ४ आणि ६ ते ८ या घरांत बसतात. पूर्ण उजवीकडे सरकवले, तर ३ ते ६ आणि ८ ते १० या घरांत. दोन्ही मांडण्यांत ३, ४, ६ आणि ८ ही घरे भरलेली दिसतात, आणि घाईत चारही रंगवली जातात. मात्र सहावे घर एका मांडणीत ३च्या गटाचे आहे, तर दुसरीत ४च्या गटाचे. म्हणून ते निश्चित नाही. २ ते ५ आणि ७ ते ९ अशी तिसरी मांडणी करून पाहिली की ते रिकामे राहते. घर निश्चित ठरते ते दोन्ही टोकांच्या मांडण्यांत एकाच गटाने व्यापले तरच. शिल्लक घरांपेक्षा मोठ्या असलेल्या गटातून शिल्लक वजा करावी, तेवढी घरे पक्की : येथे ४मधून दोन आणि ३मधून एक.

रिकाम्या घरांवर फुली न मारणे हीदेखील तितकीच सामान्य चूक आहे. फुली म्हणजे सिद्ध झालेली माहितीच असते. ओळीतला सर्वांत लहान गट ३चा असेल, तर दोन फुल्यांमध्ये अडकलेल्या २ घरांतही फुल्या पडतात, आणि त्या घरांतून जाणाऱ्या उभ्या ओळी त्यामुळे मोकळ्या होतात. म्हणून एक घर ठरले की लगेच त्याची आडवी आणि उभी अशा दोन्ही ओळी पुन्हा तपासाव्यात.

चित्र ओळखू येऊ लागले की कान किंवा शेपूट परस्पर पूर्ण करण्याचा मोह होतो. रचनाकार बाजू समान ठेवेलच असे नाही, त्यामुळे हा मोह टाळलेला बरा.

खरोखरच अडल्यास एखादे घर भरले आहे असे तात्पुरते गृहीत धरता येते, आणि तो अंदाज नव्हे. त्यातून विसंगती निघाली, तर तेथे फुली सिद्ध झाली. विसंगती न निघाल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, आणि गृहीत धरलेले सर्व पुसावे लागते. त्यासाठी पेन्सिलीची वेगळी, हलकी खूण ठेवावी.

गृहीतक नसतानाही विसंगती दिसली, तर तेवढीच ओळ दुरुस्त करू नये, कारण मूळ चूक बहुधा दुसरीकडे असते. ज्या घराचे कारण सांगता येत नाही, तिथपर्यंत मागे जावे. तरीही उलगडा न झाल्यास आडव्या ओळींच्या सर्व आकड्यांची बेरीज उभ्या ओळींच्या बेरजेशी ताडून पाहावी. ती जुळत नसेल, तर छपाईतच चूक आहे. बेरीज जुळूनही उत्तरे एकाहून अधिक असू शकतात : प्रत्येक ओळीला १ हा आकडा दिलेल्या २×२च्या चौकटीत दोन्ही कर्ण बरोबरच ठरतात, आणि त्यांतला एक निवडण्यासाठी कोणतेही तर्कशुद्ध कारण त्या कोड्यात नसते.