पाठीच्या पाण्याच्या रिपोर्टवरून मेंदूज्वराचा प्रकार ओळखताना या चुका टाळा

लॅबमध्ये पाठीचं पाणी (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, सीएसएफ) आलं की मी आधी घड्याळ बघते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. मागच्या पावसाळ्यात एका पेशंटचा भाऊ नर्सिंग होममधून बाटली घेऊन निघाला, लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी, बिचारा तीन तासांनी परळला पोचला आणि बाटली बर्फात. त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन तासांत जवळपास निम्मे होतात, जिवंत पेशी साखर खात राहतात आणि मेनिंगोकॉकससारखे मेंदूज्वराचे जंतू थंडीत मरतात. मग रिपोर्टवर पेशी कमी, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरं, आणि आपण म्हणणार व्हायरल आहे! कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवूच नका, तासाभरात पोचवा.

साखर बघताना रक्तातली साखर त्याच वेळची हवी. डायबेटीसवाल्याच्या पाण्यात ७० आली की सगळे निश्चिंत होतात, पण तेव्हा रक्तात २८० असेल तर ती फक्त पाव झाली, साधारण ६० टक्के असायला हवी. ४० टक्क्यांच्या खाली गेली की बॅक्टेरिया किंवा टीबीचा संशय घ्यायचाच.

पाण्यातलं लॅक्टेट (साखर मोडून बनणारा पदार्थ) ३.५ मिलिमोलच्या वर असेल तर बॅक्टेरियाकडे कल जातो, पण अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असेल तर हा आकडा फसवतो, आणि फिट येऊन गेली असेल तरी तो वाढू शकतो. युनिटही बघा, काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, तिथे हेच ३.५ म्हणजे साधारण ३१.५.

आता एडीए, म्हणजे टीबीच्या संशयात पाण्यात मोजतात ते एन्झाइम. मुंबईत टीबी इतका आहे की एडीए १० च्या वर दिसला की लगेच टीबीचं लेबल लागतं, आणि मला याचीच जास्त भीती वाटते. बॅक्टेरियल मेंदूज्वरात एडीए चांगलाच वाढू शकतो, क्रिप्टोकॉकस (एक बुरशी) आणि लिम्फोमातही (एक कॅन्सर) वाढतो. उलट कमी आला म्हणून टीबी नाही असंही नाही, अगदी सुरुवातीला तर टीबीतही लिम्फोसाइटऐवजी (टीबीत एरवी जास्त दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी) न्यूट्रोफिल जास्त दिसतात. म्हणून सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) सोबत पाठवाच, त्यात रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालणार की नाही हेही कळतं. मात्र पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे दोन थेंब पाठवून निगेटिव्ह आलं म्हणून औषधं बंद करू नका, मोठ्या माणसाचं जमलं तर ६ मिली तरी द्या. एचआयव्ही असेल तर क्रिप्टोकॉकल अँटिजेन (त्या बुरशीची तपासणी) विसरू नका.

आणि रिपोर्टची वाट बघत औषध अडवू नका प्लीज, पाणी काढायला उशीर होणार असेल तर ब्लड कल्चर घ्या आणि डोस द्या. फक्त पहिला डोस किती वाजता दिला ते फॉर्मवर लिहा, ते नसलं की मी वॉर्डला फोन करते आणि ड्युटी बदललेली असली की कुणालाच नक्की सांगता येत नाही.