त्वरणाचं ॲप वापरताना माझ्या क्लासमधली मुलं कुठे अडकतात

परवा क्लासमध्ये साधं गणित दिलं होतं. एसटी स्टँडवरून निघाली आणि २० सेकंदांत तिने ताशी ६० किलोमीटर वेग गाठला, तर त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल, किती? पहिल्या बाकावरच्या पोराने आईच्या मोबाइलवर त्वरण काढून देणारं ॲप उघडलं, ६० टाकले, २० टाकले आणि ओरडला, "मॅडम, तीन!" म्हटलं, बाळा, एसटी एवढ्या हिसक्याने निघाली तर उभी माणसं थेट मागच्या सीटवर जाऊन पडतील आणि कंडक्टर त्यांच्या अंगावर. खरं उत्तर ०.८३ मी/से². ॲपची काही चूक नव्हती. वेगाच्या रकान्यात एकक मीटर प्रति सेकंद होतं आणि याने ताशी किलोमीटरचा आकडा तसाच टाकला.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मुलांच्या हातात मोबाइल नको म्हणून वर्षभर भांडले आणि हरले. आता निदान नीट वापरा म्हणून हे लिहिते आहे.

ॲप कुठलंही घ्या, फुकटातलं चालेल. फक्त इन्स्टॉल करताना ते संपर्क किंवा लोकेशनची परवानगी मागू लागलं तर काढून टाका. भागाकार करायला त्याला तुमच्या मामाचा नंबर कशाला हवा?

बहुतेक ॲपमध्ये तीन पर्याय असतात. दोन वेग आणि वेळ माहीत असेल तर पहिला, सुरुवातीचा वेग, अंतर आणि वेळ माहीत असेल तर दुसरा, बल आणि वस्तुमान दिलं असेल तर तिसरा. गणित वाचून काय काय दिलंय ते आधी वहीत लिहा, मग पर्याय निवडा. उलटं केलंत तर रकाने भरण्यासाठी आकडे शोधत बसाल.

आता एककं. प्रत्येक रकान्याशेजारी एककाची छोटी यादी असते आणि बऱ्याच ॲपमध्ये मागच्या वेळी निवडलेलं एकक तसंच राहतं. काल बहिणीने मिनिटं निवडली असतील तर आज तुमचे २० सेकंद २० मिनिटं होतात. म्हणून आकडा टाकण्याआधी यादी बघायची. ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करायला ५/१८ ने गुणायचं, हे ॲप असलं तरी तोंडपाठ हवं, कारण परीक्षेत मोबाइल नसतो. ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, एवढे तीन लक्षात ठेवले तरी अंदाज बांधता येतो. आणखी एक खोडी वेळेची: दीड मिनिट म्हणजे १ मिनिट ३० सेकंद, म्हणून मुलं १.३० मिनिटं टाकतात. ॲप त्याचे ७८ सेकंद धरतं. ९० सेकंद टाका आणि मोकळे व्हा.

ब्रेकच्या गणितात वेगळीच गंमत होते. गाडी ताशी ५४ वरून ५ सेकंदांत थांबली, म्हणजे सुरुवातीचा वेग १५, अंतिम वेग ०. मुलं हमखास अंतिमच्या जागी १५ टाकतात, कारण मोठ्यातून लहान वजा करायची प्राथमिक शाळेपासूनची सवय. उत्तर येतं ३, हवं असतं उणे ३. ते उणे चिन्ह म्हणजेच पुस्तकातलं मंदन. पडताळा हवा तर अंतराचा पर्याय उघडा: सुरुवातीचा वेग १५, अंतर ३७.५ मीटर, वेळ ५. पुन्हा उणे ३ आलं पाहिजे.

काहीजण ॲप न घेता फोनमधल्या नेहमीच्या कॅल्क्युलेटरवरच करतात. काही हरकत नाही, पण कंस द्या. वेग ५ वरून २० झाला, वेळ ३ सेकंद. २० − ५ ÷ ३ असं दाबलंत तर १८.३३ येईल, कारण भागाकार आधी होतो. (२० − ५) ÷ ३ केलंत की ५. अकरावीवाल्यांनी कोपऱ्यात कोनाचं एकक अंश आहे की रेडियन तेही बघावं. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर त्वरण ९.८ (गुरुत्वीय त्वरण) × sin ३०, म्हणजे ४.९ यायला हवं. रेडियन राहिलं तर उणे ९.६८ येतं, म्हणजे ठोकळा चढ चढायला लागला!

हे जमलं की एक प्रयोग करा. गच्चीवरून दगड टाकू नका, शेजाऱ्यांच्या डोक्याचं तर आहेच, पण मोजमापही फसतं. ३ मीटर पडायला दगडाला पाऊण सेकंदाच्या किंचित वर वेळ लागतो. अंगठा ०.२ सेकंद उशिरा दाबला गेला तरी ॲप ९.८ ऐवजी ६.२ दाखवतं. गॅलिलिओकडे तर स्टॉपवॉचही नव्हतं. त्याने उतारावर गोळा सोडून गती मंदावली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजला.

आपण २ मीटरची सपाट फळी घ्यायची, एक टोक १० सेंटीमीटर उचलायचं, खाली जुनी पुस्तकं चालतात. काचेची गोटी वर पट्टीने अडवून धरा आणि पट्टी झटकन उचला. बोटाने सोडाल तर नकळत ढकलाल आणि सुरुवातीचा वेग शून्य राहणार नाही. पाच वेळा मोजून सरासरी काढा. आमच्याकडे ३.४ सेकंद आली. अंतराच्या पर्यायात टाकल्यावर ॲपने ०.३४६०२०७६ दाखवलं. वहीत ०.३५ लिहा. अंगठ्याने मोजलेल्या वेळेतून आठ दशांश स्थळं येत नसतात.

इथे हुशार मुलगी अडवतेच: "मॅडम, उतार दोनशेला दहा, म्हणजे ९.८ च्या ०.०५ पट, ०.४९ यायला हवं ना?" बरोबर आहे, पण ते घसरणाऱ्या वस्तूचं, तेही घर्षण नसेल तर. गोटी गडगडते, स्वतःभोवती फिरण्यातही तिची ऊर्जा जाते, म्हणून भरीव गोळ्याला त्याच्या ५/७ च मिळतं. ०.४९ चे ५/७ म्हणजे ०.३५. मग आईची एक बांगडी मागून घ्या आणि त्याच फळीवर उभी सोडा. दोन-तीनदा वाकडी जाऊन खाली पडेल, तेव्हा खाली सतरंजी घाला. सरळ गेली की चार सेकंदांच्या आसपास वेळ येईल, आणि ॲप पाव दाखवेल, कारण बांगडीचं सगळं वजन कडेलाच असतं.