कमी पैशांत होम थिएटरचे स्पीकर: आधी संवाद, मग दणका

माझा पहिला संच एकाच खोक्यात आला होता. मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खोल, घुमणारा आवाज (बेस) काढणारा डबा. स्फोट झाला की खिडकीची काच थरथरायची, पण पुढच्याच प्रसंगात नायिका काय पुटपुटली ते कळायचं नाही. अख्खा सिनेमा रिमोट हातात धरून बघायचो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: पैसे मोजकेच असतील तर आधी माणसांच्या आवाजावर घाला.

सुरुवात दुकानात नको, खोलीत करा. टीव्हीपासून बसायची जागा किती लांब आहे, सोफा मागच्या भिंतीला चिकटलाय का, वायर कुठून नेता येईल, एवढं बघून घ्या.

मग किती स्पीकर घ्यायचे ते ठरवा. 5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पण तेवढ्याच पैशांत पाच किरकोळ डबे घेण्यापेक्षा दोन चांगले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे, स्पीकर घेतलेले बरे. दोघांच्या बरोबर मध्ये बसलात तर संवाद थेट पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याला मात्र जवळचाच स्पीकर बोलताना ऐकू येतो. घरात चौघं मिळून बघत असाल तर तिसरा स्पीकर सेंटरचा, म्हणजे टीव्हीच्या वर किंवा खाली मधोमध ठेवायचा, घ्या, कारण 5.1 मध्ये बहुतेक संवाद त्याच्याच वाट्याला येतात. पुढचे तिन्ही एकाच मालिकेतले असू द्या, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन मध्येच बदलल्यासारखं वाटतं. मागचे दोन सगळ्यात शेवटी. रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडायचे तो ॲम्प्लिफायर, तेवढा पहिल्यापासून 5.1 चा घ्या. सेंटर नसेपर्यंत सेटिंगमध्ये तो ‘नाही’ असं सांगून ठेवा, म्हणजे त्याचे संवाद डाव्या-उजव्या स्पीकरकडे वळतात. हे विसरलात तर पात्रांचे नुसतेच ओठ हलतील!

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट म्हणजे निव्वळ फुशारकी. आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे वॅट, किती ते बघा. त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. 3 डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे 87 चा स्पीकर 100 वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा 90 चा 50 वॅटवरच वाजतो. स्पीकरचे ओहम, म्हणजे त्याचा विजेला होणारा अडथळा, रिसीव्हरला चालतात ना, हेही विचारून घ्या.

ऐकून बघताना स्फोटाचा प्रसंग लावू नका, तो सगळ्यांवरच बरा वाजतो. तुमच्या ओळखीचा कुजबुजीचा प्रसंग कमी आवाजात लावा. दोन जोड्या ताडून बघायच्या तर दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा; जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. जुने स्पीकर घेत असाल तर स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची फोमची कडा बघा, ती काही वर्षांनी कुजते. शंकू बोटांनी अलगद, सगळीकडून सारखा दाबा. खरखर ऐकू आली तर सोडून द्या.

सबवूफर पुढच्या खेपेला घेतला तरी चालतं. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे त्याची जागा बदलायला मोकळीक असते. ती शोधायची युक्ती गमतीची आहे. सबवूफर सोफ्यावर ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगा. जिथे बेस न घुमता स्वच्छ ऐकू येईल, तीच त्याची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि सगळं जोडल्यावर बेस पातळ वाटला तर दुकानदाराला फोन लावण्याआधी स्पीकरच्या मागे डोकवा. एखाद्या ठिकाणी लाल-काळ्या टोकांची अदलाबदल झालेली असते.