जुना राऊटर वरच्या मजल्यावर लावताय? डीएचसीपी (जोडलेल्या फोन-लॅपटॉपला नेटवर्कवरचा पत्ता आपोआप देणं) बंद केलं का?

खाली फायबरचा राऊटर, वरच्या खोलीत रेंज नाही आणि माळ्यावर जुना राऊटर धूळ खात पडलाय, तर तो लॅन केबलने खालच्याला जोडून वर वायफाय आणता येतं. मी गेल्या वर्षी हेच केलं आणि ऐन गणपतीत घरचं नेट झोपवलं. आता भावाकडे तेच करायचंय म्हणून यादी लिहून ठेवतोय.

केबल कॅट ५ई पुरे, घरात १०० मीटरच्या वर कुठे जातेय. स्वतः क्रिंप करणार (टोकाला प्लग बसवणार) असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा आणि आठही तारा आत बसल्यात का बघा, कारण १, २, ३, ६ या चारच लागल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो. लाईटच्या वायरींच्या पाईपातून ओढू नका. लॅनचं भोक असलेला लॅपटॉप हवा, नवीन पातळ लॅपटॉपला ते नसतं, मग ॲडॉप्टर मागून आणा. सिमची पिन, रिसेटसाठी.

रिसेट फक्त जुना राऊटर करायचा, दहाएक सेकंद पिन दाबून. खालच्या राऊटरला हात लावू नका, त्यातला पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिनचा, आयडी-पासवर्ड उडाला की केबलवाल्याचे पाय धरा.

आता जुना राऊटर आणि लॅपटॉप, दोघंच जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद. मी चालू ठेवलं होतं, दोन्ही राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१, त्यामुळे अर्धा तास मी ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून खालच्याच राऊटरची सेटिंगची पानं उघडून बघत होतो. जुन्याचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (खालचा राऊटर जे पत्ते वाटतो त्यात हा येत नाही ना ते आधी बघून), मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. सेव्ह केलं की पान अडकतं, घाबरू नका, पत्ताच बदललाय, नवीन टाकून परत आत जा. वायफायचं नाव, पासवर्ड, ॲडमिनचा पासवर्ड, ते कळतंच.

आणि आता डीएचसीपी बंद करा. हे शेवटी करायचं, कारण बंद केलं की लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि हाताने टाकावा लागतो, आणि शेवटी असतं म्हणूनच राहून जातं. मी "करू नंतर" म्हटलं आणि केबल जोडून मोकळा झालो. दोन दिवस सगळं मस्त, कारण घरातल्या फोनांना पत्ते आधीच मिळालेले होते. मग गणपतीला पाहुणे आले, नवीन फोन जोडले, नवीन फोन पत्ता मागतो तेव्हा जो राऊटर आधी उत्तर देईल त्याचंच ऐकतो, आणि आमचा जुना राऊटर उत्साहाने सांगत होता की बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे. त्याच्याकडे कसला रस्ता! आत्याच्या फोनला नेट नाही, शेजारी बसलेल्या काकांच्या फोनला आहे. दुसऱ्या दिवशी आमचेही फोन एकेक करून गेले. केबलवाल्याचा पोरगा आला, वरची केबल उपटली, दोन मिनिटांत सगळं चालू, आणि माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

तर डीएचसीपी बंद. सेव्ह. पान परत उघडून बंदच आहे ना बघा. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर खूश व्हा, म्हणजे खरंच बंद झालंय. राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय पसरवायचा) असेल तर तो हे स्वतः करतो म्हणतात, तरी बघा.

मगच केबल. जुन्याच्या लॅनच्या भोकात, वॅनच्या नाही (बाहेरचं नेट घ्यायचं, वेगळ्या रंगाचं, एकटं असतं ते), नाहीतर वरचं नेटवर्क वेगळं पडतं आणि खालचा प्रिंटर दिसत नाही.

वर जाऊन फोन जोडा, वायफायच्या माहितीत गेटवे (बाहेर जायचा रस्ता) बघा. १९२.१६८.१.१ दिसलं की झालं. १.२ दिसलं तर केबल काढा आणि तीन परिच्छेद वर जा.