उकळी बंद झाली की खरी कसोटी: घरच्या बिअरमधल्या या चुका टाळा

आधी एक स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्यातल्या गच्चीवर हे करून बघू नका. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. मी इथे अमेरिकेतच, गॅरेजमध्ये, वीस-वीस लिटरचे घाणे काढतो.

नवशिक्याचा सगळा जीव रेसिपीत अडकलेला असतो: कुठला हॉप (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं), किती ग्रॅम. पण माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, नाचणीचं सत्त्व करतानाही आपण धान्याला मोड आणतोच. ते भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. तिथे फारसं काही चुकत नाही. बिघडतं ते बहुधा गॅस बंद केल्यावर.

वर्ट, म्हणजे गाळून हॉपसह उकळलेलं ते गोड पाणी, निवायला लागला की त्याला जे जे लागेल ते जंतुमुक्त हवं. ‘धुतलंय की’ म्हणून भागत नाही. आधी साबणाने घासायचं, मग सॅनिटायझर. मळावर सॅनिटायझरचं काही चालत नाही. माझा एक घाणा आंबट झाला तेव्हा मी आठवडाभर यीस्टला, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना, बोल लावत होतो. शेवटी आंबवायच्या बादलीचा नळ खोलला, तर आत पिवळट, बुळबुळीत थर! तेव्हापासून नळ दरवेळी सुटा करून धुतो.

दुसरी चूक म्हणजे यीस्ट घालायची घाई. कढत दुधात विरजण घातलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एल प्रकारची (उबेत आंबणारी) बिअर असेल तर वर्ट १८-२० अंशांवर येऊ द्या. पुढची गंमत अशी की आंबताना बादली स्वतःच तापते, खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज जास्त. म्हणून तापमापक भिंतीवर नको, बादलीला चिकटवा. पहिले तीन दिवस ती पाण्याच्या टबात ठेवून टबातच बर्फाच्या बाटल्या सोडा. नाहीतर नेलपॉलिशसारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.

लोण्याचा वास आला तर मात्र घाबरू नका. बादली जरा उबेला ठेवून यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्या, तेच तो खाऊन टाकतं. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे बहुधा उकळताना झाकण ठेवलं होतं. औषधी पट्टीसारखा वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो. वीस लिटरला क्लोरीन घालवणारी कॅम्पडेनची पाव गोळी पुरते.

आता बाटल्या. एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं मी धरून चाललो होतो. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०१८ दाखवत होता, म्हणजे साखर अजून उरली होती, तरी भरल्या. दहाव्या रात्री कपाटात फटाका फुटल्यासारखा आवाज आला. दार उघडलं तर चपलांवर फेस, बाटलीची मान वरच्या फळीत रुतलेली. उरलेली साखर आणि बिअर फसफसावी म्हणून वरून मी घातलेली, दोन्हींचा वायू काचेला पेलला नाही. तेव्हा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा हलला नाही तरच भरा. साखर लिटरला सहा-सात ग्रॅम, तीही वजन करून. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका.

भरताना नळी बाटलीच्या तळाला टेकवा. वरून धार सोडली की हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटली तपकिरीच घ्या. हिरव्या काचेतून ऊन आत शिरतं, हॉपमधली द्रव्यं बिघडतात आणि बूच उघडताच दुर्गंधी येते. दोन आठवडे घरातल्या तापमानाला, मग उभ्या बाटल्या फ्रिजमध्ये. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप घातलेली बिअर, लवकर संपवा, तिचा सुगंध टिकत नाही. कडक स्टाउट, म्हणजे काळी बिअर, महिनोन्‌महिने राहते. ओतताना तळाचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.