हातचा विसरायलाय? कोविडनंतर डोकं चालंना तर काय करायचं

लातूरच्या मोंढ्यात मी मुनीम आहे, ३७ कट्ट्यांची पट्टी, म्हणजे पोत्यांच्या मालाचा हिशोब, बोलता बोलता लावायचो, हमाली तोलाई वजा करून आकडा शेतकऱ्याच्या हातात. एप्रिल २०२१ ला कोविड झाला, घरीच बरा झालो, ऑक्सिजन पण लागला नाही. जूनमध्ये परत गादीवर बसलो अन् बेरीज करता करता हातचा किती धरलाय तेच विसरायलो, तिसऱ्यांदा केलं तर तिसरंच उत्तर. समोरचा म्हातारा म्हणला, मुनीम, रातची उतरली न्हाई काय अजून? मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही राव.

तर ज्यांचं असं झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. शब्द जिभेवर येऊन अडकतो, दोन माणसं एकदम बोलली की डोकं गच्च होतं, उभं राहिलं की छातीत धडधड, पायाला मुंग्या, झोप अर्धवट. कोविड होऊन ३ महिने झाले, त्रास किमान २ महिने टिकलाय अन् दुसरं कारण सापडंना, तर त्याला लाँग कोविड म्हणायचं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच ठरवलंय.

त्यातलं "दुसरं कारण सापडंना" हे महत्त्वाचं. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर अन् बी १२ तपासून घ्या. आपल्याकडं शाकाहारी माणसात बी १२ कमी असणं लई कॉमन आहे, अन् शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असली तरी ते उतरतं. माझं कमीच निघालं, इंजेक्शनं घेतली, मुंग्या थांबल्या, हातचा मात्र विसरतच राहिलो. एमआरआय नॉर्मल आला तर लगेच "मनाचे खेळ आहेत" असं समजू नका, मला एका डॉक्टरनं तेच ऐकवलं होतं. यात साधा एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२२ मध्ये ७८५ जणांचे आधीचे अन् नंतरचे स्कॅन ताडून बघितले तेव्हा कुठं दिसलं, की कोविड झालेल्यांच्या मेंदूत वासाशी जोडलेल्या भागांची ०.२ ते २ टक्के जास्त झीज झालीय. एवढासा फरक एका फोटोत कसा दिसायचा? कारण एकच नाही, पण एक असं धरतात की जंतू गेला तरी अंगातली सूज शांत होत नाही, जाळ विझतो पण आर धगधगत राहतो, अन् त्याची झळ मेंदूला, बारीक रक्तवाहिन्यांना, नसांना लागते.

धडधडीसाठी घरी एक टेस्ट करता येते. २०२१ ला घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तो काढा, सेल बदला. १० मिनिटं आडवं पडा, नाडीचा आकडा लिहा, मग उठून भिंतीला पाठ टेकून उभं राहा अन् दर मिनिटाला आकडा लिहीत १० मिनिटं काढा, जवळ कुणीतरी पाहिजेच, चक्कर आली की लगेच बसायचं. आकडा ३० नं किंवा जास्त वाढून तिथंच राहत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. पाणी भरपूर, अंघोळ बसून, अन् आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात दुपारी बाहेर नाही म्हणजे नाही, गरमीनं हे वाढतं. मीठ वाढवा असं पण सांगतात, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको.

आता मेन गोष्ट. अंगाकडून उचल घेऊ नका. सोयाबीनची आवक जोरात होती तेव्हा मला एक दिवस एकदम बरं वाटलं, म्हणून ११ तास बसलो, त्या दिवशी काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशी पण ठीक, अन् तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलंना. ही उचल व्याजासकट फिटते, तेही एक दोन दिवस उशिरानं, म्हणून माणसाला कळतच नाही कशानं झालं. उपाय साधा आहे, वही करा. काय केलं, किती वेळ, अन् दोन दिवसांनी कसं वाटलं, पंधरा दिवस लिहा, तुमची हद्द कुठं आहे ते आपोआप दिसतं. मग त्या हद्दीच्या बऱ्याच अलीकडं थांबायचं, दमल्यावर नाही, दमायच्या आधी. मी २० मिनिटं हिशोब अन् १० मिनिटं गोदामाच्या अंधारात पोत्यावर आडवा, मोबाईल लांब, कारण रील बघत पडणं हा आराम नाही. घरचे म्हणतील चाला फिरा, अंग सुटेल, पण मेहनतीनंतर असं आडवं पडायला होत असेल तर जोर लावून व्यायाम केल्यानं उलट बिघडतं. आईला हे पटवायला मला वर्ष गेलं.

एक मात्र, अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली किंवा आकडी (फिट) आली तर वही बिही सोडा, १०८ ला फोन करा.

राहिला वास. येसराची आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी लागायचं, अन् नंतर लसणाच्या फोडणीला जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला, तेव्हा बायको वैतागली. यासाठी नाकाला व्यायाम असतो: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, यांच्या वासाच्या तेलाच्या चार बाटल्या, सकाळ संध्याकाळ प्रत्येक २० सेकंद हळू हुंगायचं, अन् हुंगताना तो वास आठवायचा, किमान ३ महिने, मध्येच सोडायचं नाही. मला लवंग आठव्या आठवड्यात आली. गुलाब अजून नाही.